हुंकार देणारी माणसं

गोष्ट सांगणारी माणसं संपली, असं आमच्याकडं सगळेच म्हणतात. बीड-लातूरकडच्या कुठल्याही गावात विषय काढा, अमुक आजी गेली आणि तिच्यासंगं सगळ्या कहाण्या गेल्या, असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. मला हे पटत नाही. गेली काही वर्षं अंबाजोगाईत आम्ही काही जण महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या आगेमागे, गोष्टी ऐकायला जमतो. तिथं बसून बसून माझं मत असं झालंय की सांगणारी माणसं पुष्कळ आहेत. गल्लीत आहेत, वस्तीवर आहेत, आपल्याच घरात मागच्या खोलीत आहेत. त्यांच्यापुढं बसून ‘हूं’ म्हणणारं माणूस मात्र मिळत नाही.

ज्यांनी लहानपणी अंगणात बाजेवर पडून गोष्टी ऐकल्यात त्यांना हे ‘हूं’ काय असतं ते वेगळं सांगायला नको. माझी आजी ऐकणाऱ्यांतल्या एकाला आधीच नेमायची, ‘आज हुंकार तू द्यायचा’ म्हणून. वाक्य संपलं की हूं. राजाचं पोरगं जंगलात शिरलं की हूं जरा लांबवायचा. पोरगं विहिरीत वाकून बघायला लागलं की नुसत्या हूंनं भागत नसे, ‘मग?’ म्हणावं लागायचं. हुंकार नीट आला की आजी रंगायची, नसलेली माणसं गोष्टीत आणायची, राजवाड्यातल्या स्वयंपाकाची यादी सांगायची. हुंकार मंदावला की तीही आवरतं घ्यायची, आणि थांबलाच तर, ‘झोपलाव का रं?’ विचारून तिथंच गाठ मारून ठेवायची. दुसऱ्या रात्री बरोबर त्या गाठीपासून पुढं. दिवसा मात्र कितीही पाया पडलं तरी नाही. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे तिचं ठरलेलं उत्तर होतं आणि आम्हाला मामाची खरोखर काळजी वाटायची.

ऐकणाऱ्याला एवढं महत्त्व द्यायची ही रीत आजीची एकटीची नव्हती. श्रावणातली आदित्य राणूबाईची कहाणी आठवून बघा. गरीब बापाच्या दोन लेकी, एक राजाला दिलेली, एक प्रधानाला. बाप राणीकडं जातो आणि म्हणतो, मला कहाणी सांगायची आहे, तू ऐक. राणीला वेळ नसतो. राजा पारधीला जाणार आहे, जेवायला उशीर होतो. प्रधानाची बायको ऐकते. राणीच्या घरी दारिद्र्य येतं, बहिणीच्या घरी भरभराट. आणि पुढं राणीचे डोळे उघडतात तेव्हा तिलाच कहाणी सांगायची असते आणि ऐकणारा मिळत नाही. कहाणी ऐकायला उपाशी माणूस हवं, आणि गावात उपाशी कुणी नाही. वाटेत एक मोळीविक्या भेटतो. तो म्हणतो, तुझी कहाणी ऐकून माझं पोट भरणार आहे का? तेव्हा ती आपल्याजवळच्या सहा मोत्यांतली तीन त्याला देते, तीन आपण ठेवते. तिनं मनोभावे सांगितली, त्यानं चित्तभावे ऐकली, आणि त्याची मोळी सोन्याची झाली. पुढच्या प्रत्येक मुक्कामाला पुन्हा तेच, कधी माळी, कधी म्हातारी. प्रत्येक वेळी अर्धी मोत्यं ऐकणाऱ्याची.

ही कहाणी मी शेकडो वेळा ऐकली असेल. आता बऱ्याच घरांत श्रावणात देवघरापुढं मोबाइल ठेवतात, कहाणी लावतात आणि स्वयंपाकघरात कुकरकडं वळतात. कहाणी शब्दन्‌शब्द तीच, आवाजही गोड. फक्त तीन मोत्यं घेणारं कुणी समोर नसतं. मला ते बघून फार वाईट वाटतं.

हे असं का झालं याचं उत्तर टीव्ही आणि मोबाइल असं झटक्यात दिलं जातं. ते खोटं नाही, पण आमच्या भागापुरतं मला दुसरंही एक कारण दिसतं, आणि ते शिवारात आहे. मराठवाडा हा ज्वारीचा मुलूख. ज्वारी निसवली की राखण आली. पाखरं हाकायला माळ्यावर गोफण घेऊन दिवस दिवस बसावं लागे. कणसं कोवळी असताना हुरडा, आगटीभोवती रात्र. पुढं काढणी, मोडणी, खळं. खळ्यावर राशीच्या राखणीला मुक्काम. शेंगा फोडायला बसलं की हात गुंतलेले आणि तोंड मोकळं. जात्यावर तर बायकांचं सगळं आयुष्यच गायलं जाई. कामाच्या या मोकळ्या तोंडात गोष्टी राहायच्या. मग ज्वारी मागं पडत गेली, सोयाबीन आलं. त्याला पाखरांची राखण नाही, हुरडा नाही, आणि मळणी यंत्रापुढं उभं राहून बोलायची सोय नाही. यंत्राच्या धुरळ्यात चार तासांत रास पोत्यात जाते. शेतकऱ्याला त्यात चार पैसे मिळत असतील तर त्यानं ते करावंच. पण गोष्टीचा वेळ पिकाबरोबर गेला, एवढं लक्षात घ्यायला हवं. आता तो वेळ कुठूनतरी मुद्दाम काढावा लागणार. आमची बैठक म्हणजे तेवढंच आहे. कामाच्या पोटात आपोआप मिळणारा वेळ गेला, म्हणून ठरवून काढलेला वेळ.

बैठक सुरू करताना सर्वांत जास्त चर्चा झाली ती जागेवर. पहिल्यांदा कुणीही म्हणेल, पारावर बसा. पण पारावर पूर्वी कोण बसायचं आणि कोण लांबून जायचं हे आमच्यातल्या काही जणांना घरच्या आठवणींतून पक्कं माहीत होतं. बायका तर पारावर कधीच बसल्या नाहीत. देवळाचा मंडप म्हटलं तर आमच्यातल्या मुसलमान खाला येणार नाहीत. एका जुन्या वाड्याची ढाळज, म्हणजे दारालगतची बसायची जागा, मिळत होती, ऐसपैस आणि थंड. पण त्या ढाळजेच्या पायरीशी ज्यांच्या आजोबांना हात जोडून उभं राहावं लागलं, ते तिथं मोकळेपणी गोष्ट सांगतील का? शेवटी शाळेचा व्हरांडा ठरला. तिथं सगळ्यांचीच लेकरं बसलेली आहेत. सतरंज्या शाळेच्या, पाणी ज्याचं त्याचं, चहा पाळीपाळीनं.

नियम थोडे आहेत. कागद नाही, मोबाइलमध्ये बघून वाचायचं नाही. बोली ज्याची जी असेल तीच. हुंकार द्यायला त्या दिवसाचं एक माणूस नेमलेलं असतं, शक्यतो लहान मूल. आणि गोष्ट सुरू करण्याआधी ती कुणाकडून ऐकली ते सांगायचं. हा शेवटचा नियम आमच्या आत्याबाईंनी घातला. त्या केजकडच्या, वय ऐंशीच्या पुढं. त्या स्वतः प्रत्येक गोष्टीआधी म्हणतात, ‘ही मपल्या चुलत आज्जीनं सांगितलेली, तिला तिच्या मावशीनं.’ कधी कधी तर, ‘ही वडवणीच्या बाजारात मोट विकायला आलेल्या माणसानं सांगितली, त्याचं नाव इचारायचं राहिलं.’

आत्याबाईंना ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या या नियमाला आपल्या भाषेत सातशे वर्षांहून मोठी परंपरा आहे. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभट त्यांच्या लीळा, म्हणजे आठवणी, गोळा करायला निघाले. ज्यांनी पाहिलं, ज्यांनी ऐकलं, त्यांच्याकडं जाऊन त्यांनी त्या मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. शके 1200 च्या सुमाराला, म्हणजे इ. स. 1278 च्या आसपास, रिद्धपूरला लीळाचरित्र असं उभं राहिलं. पुढं धामधुमीत मूळ पोथी गेली तेव्हा ती शिष्यांनी आठवणीतून पुन्हा लिहिली, आणि ज्याच्या आठवणीत जसं होतं तसे पाठभेद झाले. मराठी गद्याचा आपला पहिला मोठा ग्रंथ हा असा माणसांना विचारून, त्यांचं ऐकून झालेला आहे. आणि त्यातच कावळ्याचं शेणाचं घर आहे! आपण लेकरांना जी चिऊ-काऊची गोष्ट सांगतो ती चक्रधरांनी सांगितलेली त्यात सापडते. चिमणीच्या जागी साळई आहे, तिचं घर मेणाचं. पावसात कावळ्याचं घर वाहून जातं आणि तो साळईच्या दारात येतो. मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा आत्याबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘म्हंजे मपल्या आज्जीच्याबी आधीपासून हाय की.’

गोष्ट एकच आणि सांगणारे चार असले की काय होतं, ते आमच्या गावच्या देवीच्या गोष्टीत दिसतं. योगेश्वरी कुमारिका. तिचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, वऱ्हाड निघालं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाचे दगड झाले. गावाबाहेर खडकात कोरलेली लेणी आहेत, अंगणात दगडी हत्ती. त्या हत्तीखान्याकडं बोट दाखवून इथं प्रत्येक लेकराला ही गोष्ट सांगितली जाते. एका बैठकीला आम्ही फक्त हीच गोष्ट ठेवली. एकानं सांगितली त्यात कोंबडा आरवला म्हणून मुहूर्त गेला. दुसऱ्यानं सगळा दोष वऱ्हाडी मंडळींच्या नटण्यामुरडण्याला दिला. मंडईत भाजी विकणाऱ्या एका मावशींनी सांगितलं ते ऐकून सगळे सरसावून बसले. त्यांच्या आईच्या गोष्टीत देवीला लग्नच करायचं नव्हतं. ती मुद्दाम सावकाश चालली. वाटेत प्रत्येक ओढ्याला पाय धुतले, प्रत्येक झाडाखाली बसली. ‘आन्‌ उजाडलं तवा ती हासली,’ एवढं म्हणून मावशी थांबल्या. कुणाची खरी, यावर वाद झाला नाही. तिन्ही गोष्टी कुणाकडून आल्या ते सांगितलेलं होतं, तेवढं पुरे होतं.

आमच्या गावाला लिहिलेल्याचा मोठा मान आहे. इथं मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी आहे. तो मान योग्यच आहे. पण मावशींच्या आईची देवी कुठंही लिहिलेली नाही, आणि मावशींना ती आजवर कुणी विचारली नव्हती.

गोंधळी बाबा येतात तेव्हा बैठक उशिरापर्यंत चालते. ते घरंदाज गोंधळी, संबळ-तुणतुण्याच्या साथीनं आख्यान लावणारे. लग्नानंतरच्या गोंधळाच्या सुपाऱ्या त्यांना आता कमी येतात आणि आल्या तरी यजमानांना तासाभरात उरकून हवं असतं. गण झाला, देवींची नावं घेऊन ‘गोंधळाला या’ म्हटलं, पोत ओवाळला की जेवणाच्या पंगती. आख्यानापर्यंत कुणी थांबतच नाही. आमच्याकडं त्यांनी जांभूळ आख्यान सांगितलं. पांडव वनवासात असताना झाडावरचं एकुलतं एक पिकलेलं जांभूळ तोडलं जातं. ते एका ऋषीच्या पारण्याचं. आता शाप नको असेल तर जांभूळ पुन्हा देठाला चिकटलं पाहिजे, आणि त्याला उपाय एकच, प्रत्येकानं मनातलं खरं बोलायचं. एकेक भाऊ बोलतो, जांभूळ एकेक हात वर चढतं. द्रौपदीची पाळी येते. ती बोलते आणि जांभूळ सरकन खाली येतं, कारण तिनं काहीतरी मागं ठेवलंय. कृष्ण म्हणतो, सगळं बोल. तेव्हा ती सांगते, पाच पती आहेत, पण कर्णाला पाहिलं तेव्हा मनात आलं की हा सहावा असता तर. जांभूळ वर गेलं आणि देठाला लागलं.

बाबांनी हे नुसतं सांगितलं नाही. संबळ नव्हता, तरी जांभूळ चढताना त्यांची बोटं मांडीवर वाजत होती, आणि द्रौपदी गप्प झाली तिथं बोटंही थांबली. हुंकार द्यायला त्या दिवशी सहावीतली एक मुलगी होती. तिचा हूं बाहेरच आला नाही. बाबा तिच्याकडं बघत थांबून राहिले. शेवटी ती म्हणाली, ‘मग?’ आणि मगच द्रौपदी बोलली.

आख्यान संपल्यावर मागून एका बाईंनी विचारलं, ‘बाबा, मग पाची नवऱ्यांनी घरी गेल्यावर काय केलं?’ बाबा म्हणाले, ‘आख्यानात त्येवढं न्हाई, बाई. हितं आरती व्हती.’ पण आम्हाला आरती नव्हती, म्हणून त्या प्रश्नावर रात्री दहापर्यंत बोलणं चाललं. तिथल्या काही बायकांना मी वर्षानुवर्षं ओळखते. त्यांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

बाबांच्या बाबतीत आम्ही एक गोष्ट ठरवून घेतली. आत्याबाई आणि मावशी हौसेनं सांगतात. बाबांचं ते पोट आहे. वासुदेव, भराडी, वाघ्या-मुरळी, आराधी, पोतराज ही सगळी सांगून-गाऊन जगलेली माणसं. मातंग समाजाचं जातिपुराण किंगरीवर सांगणारे डक्कलवार तर गावानं इतके लांब ठेवले की त्यांनी फक्त मातंगांकडंच मागायचं. त्या माणसांकडून ‘परंपरा जपायची आहे’ म्हणून फुकट ऐकणं मला बरोबर वाटत नाही. म्हणून बैठकीला आलेले सगळे जमेल तसं टाकतात आणि बाबांना पाकीट आणि शिधा दिला जातो. त्यांनी ‘माझं आख्यान मोबाइलात घेऊ नका’ म्हटलं, तेही आम्ही मानलं. त्यांच्या मुलाला उद्या सुपारी मिळायची ती कुणाच्या चॅनेलवर फुकट का जावी?

ध्वनिमुद्रणाला, म्हणजे आवाज साठवून ठेवायला, माझा विरोध नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. त्यात माजलगावच्या बायकांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. जातं फिरणं थांबत होतं तेव्हाच हे काम झालं, म्हणून ते आवाज आज आपल्याला ऐकता येतात. पण ओवी ऐकून दुसरी बाई दुसरी ओवी जोडायची, ते काम यंत्र करत नाही. त्यासाठी समोर बाई लागते.

भाषेबद्दलही सांगायला हवं. आमच्या बैठकीत पहिल्यांदा येणारी तरुण मुलं गोष्ट सांगायला उभी राहिली की एकदम पुस्तकातलं मराठी बोलायला लागतात. ‘मपलं-तुपलं’ शाळेत हसण्यावारी गेलेलं असतं, ते तोंडात येऊ नये म्हणून सगळा जीव एकवटलेला, आणि त्यात गोष्ट अवघडून जाते. अशा वेळी मला पैठणचा गुणाढ्य आठवतो. सातवाहन राजाला सहा महिन्यांत संस्कृत शिकवता येणार नाही या पैजेत तो हरला आणि त्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडल्या. मग रानात राहून पैशाची भाषेत त्यानं सात लाख श्लोकांची बृहत्कथा रचली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं लिहिली. राजानं भाषा बघून ती परत पाठवली. गुणाढ्यानं टेकडीवर अग्नी पेटवला आणि एकेक पान रानातल्या जनावरांना वाचून दाखवत आगीत टाकू लागला. हरणं, रानडुकरं, रेडे चरणं सोडून भोवती गोल करून ऐकत बसले. इकडं राजवाड्यात मांस सुकं लागायला लागलं, राजा आजारी पडला, तेव्हा चौकशी होत होत खरं कळलं. राजा धावत आला तोवर सहा लाख जळून गेले होते. उरलेल्या लाखाची ही हकीकत अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं कथासरित्सागरात सांगितली. आख्यायिका आहे. पण गोदावरीकाठच्या नगरीची आख्यायिका आहे, आणि मी ती आमच्या मुलांना सांगते. मग म्हणते, आता तुझ्या घरी जसं बोलतेत तसं बोल.

खाला येतात त्यांना ही अडचण कधी आली नाही. त्यांची दखनी ऐकायला तर आत्याबाई पुढं सरकून बसतात. ‘एक था बादशा, हमारा तुमारा खुदा बादशा’ असं म्हणून त्या सुरू करतात. त्यांच्या गोष्टीत बादशहाच्या पोराला डाळिंबातून निघालेली परी मिळते आणि एक दुष्ट बाई तिला विहिरीत ढकलून स्वतः राणी होऊन बसते. आत्याबाई मध्येच म्हणाल्या, ‘आगं, ही मपलीच हाय! आमच्याकडं राजा हाय, तुमच्याकडं बादशा.’ पुढची गोष्ट दोघींनी मिळून सांगितली, एक विहिरीपर्यंत, दुसरी विहिरीपासून पुढं.

किल्लारीकडून आलेली एक सून मात्र बरेच महिने नुसती ऐकत होती. तिच्या घरात 30 सप्टेंबर 1993 ची पहाट सांगितली जाते. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं उशिरा झोपली होती आणि चारच्या सुमाराला दगडामातीची माळवदं खाली आली. ती स्वतः तेव्हा जन्मलेलीही नव्हती. ‘ही गोष्ट म्हणता येईल का?’ असं तिनं मला विचारलं होतं. सांगायला बसली तेव्हा सासूचीच वाक्यं तिच्या तोंडात होती, सासू थांबते तिथंच थांबून. तिनं पुनर्वसनाच्या नव्या गावाचंही सांगितलं. रस्ते रुंद, घरं पक्की आणि सुरक्षित, ते चांगलंच झालं; पण ढाळज राहिली नाही, भिंतीला भिंत राहिली नाही, ओट्यावरून ओट्यावर बोलणं राहिलं नाही. म्हाताऱ्या माणसांना कुठं बसावं तेच कळेना, असं सासू सांगते.

गोष्टींची मंडळं जगात इतर ठिकाणीही आहेत. अमेरिकेत टेनेसीतल्या जोन्सबरो या छोट्या गावात 1973 मध्ये गोष्टींचा महोत्सव सुरू झाला आणि त्यातून तिकडं सांगणाऱ्यांची मोठी चळवळ झाली. 20 मार्चला जागतिक कथाकथन दिवस पाळतात. पण मला सर्वांत जवळचं वाटतं ते आयर्लंडचं काम. 1937 ते 1939 या काळात तिथल्या प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांच्या मुलांना घरच्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडून गोष्टी, समजुती, औषधं, जागांच्या हकिगती लिहून आणायला सांगितलं. सुमारे 5,000 शाळा, आणि जमलेली पानं सात लाखांच्या वर. पोरांनी लिहिलेल्या वह्या तिकडं राष्ट्राचा ठेवा म्हणून सांभाळल्यात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आयर्लंडचं वाचल्यावर मी माझ्या वर्गाला शनिवारी एवढाच गृहपाठ दिला: घरातल्या एका माणसाकडून एक गोष्ट ऐकून यायची, लिहायची नाही, सोमवारी सांगायची. बहुतेकांनी आजी-आजोबांच्या आणल्या. एक मुलगा गप्प होता. त्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, आजी ऐकू न येणारी. दुसऱ्या दिवशी तो आला आणि म्हणाला, ‘मॅडम, मी फोनवर ऐकली.’ रात्री आईनं कोपीतून, म्हणजे तोडीवरच्या झोपडीतून, फोन केला होता, तेव्हा त्यानं जेवलास का, अभ्यास केलास का, हे झाल्यावर गोष्ट मागितली. दिवसभर ऊस तोडून, मोळ्या वाहून आलेल्या बाईनं फोनवर गोष्ट सांगितली. बॅटरी संपली म्हणून ती अर्धी राहिली. वर्गात त्यानं अर्धीच सांगितली आणि पुढं काय झालं ते कुणालाही सांगितलं नाही, कारण त्याला ठाऊक नव्हतं. सगळा वर्ग बुधवारची वाट बघत होता. बुधवारी पुढचा भाग आला.

त्या मुलामुळं आता एक नवं काम हाती आलंय. दसऱ्यानंतर इथल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात ती थेट उन्हाळ्यात परततात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि लेकरं. त्या लेकरांसाठी शाळांमधून हंगामी वसतिगृहं चालतात, दोन वेळच्या जेवणाची सोय होते. जेवण झाल्यावर झोपेपर्यंतचा वेळ मोकळा असतो. गावात सांगणारी म्हातारी माणसं आहेत, ऐकणारी लेकरं आहेत, दोघांनाही संध्याकाळ जड जाते, आणि दोघांना एका जागी आणायला पैसा लागत नाही. यंदा दोन गावांत आम्ही आठवड्याची एक संध्याकाळ मागून घेतली आहे. आत्याबाई एका गावाला स्वतः येणार आहेत, गुडघे दुखतात तरी. खाला म्हणाल्या, ‘हमकू भी लेके चलो.’ गोंधळी बाबांचा मुलगा संबळ घेऊन यायला तयार आहे, त्याचं मानधन कुठून काढायचं ते बघतो आहोत.

पहिल्या दिवशी कुठली गोष्ट सांगायची यावर अजून एकमत नाही. मी साळईचं मेणाचं घर सुचवलं. आत्याबाईंनी ते खोडून काढलं. आईबाप लांब असलेल्या लेकरांना पहिल्याच दिवशी घर वाहून गेल्याची गोष्ट सांगायची नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी म्हातारी आणि भोपळा नेमलाय, कारण ती म्हातारी लेकीकडं जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते आणि वाघाला चुकवून धडधाकट घरी परत येते. त्या मुलानं फोनवर आईला विचारून घेतलंय. तिलाही तीच पसंत आहे, आणि त्या संध्याकाळी फोन चालू ठेव, असं तिनं त्याला बजावलंय. हुंकार द्यायचं काम तिनं स्वतःकडं घेतलंय.